बॅटरी

सुट्टीला घरी आले की प्रश्न ठरलेला.
रविवार कारंजावर, रिक्षात, पंचवटीतल्या इस्त्रीवाल्याकडे:
"तिकडं समुद्रात शार्क असतात ना गं? मग?"

मग काय.
असतात.

बाप माझा रामकुंडात नाणी शोधायचा,
तळाला काच बसवलेला पत्र्याचा डबा डोळ्यांशी धरून.
म्हणायचा, घाई केली की गाळ उठतो,
गाळ उठला की रुपया गेला.
एवढ्या शिदोरीवर मी समुद्रात गेले.
पाठीवर सिलिंडर, मागे चार पर्यटक,
त्यातला एक हमखास नवरा-मुलगा, शौर्य दाखवायला आलेला.

पहिली भेटली ती अठरा मीटरवर.
पराचं टोक काळं, जणू शाईत बुडवलेलं.
गल्लीतल्या बाईनं बघून न बघितल्यासारखं करावं
तशी गेली.
मी दम धरला नाही. धरायचा नसतोच,
फुप्फुसं फाटतात.
बुडबुडे सोडत राहिले, एवढंच.

भीती वाटली ती नंतर, आणि वेगळ्याच दिवशी.
वर बघितलं तर फळीवर पालथा एक सर्फर,
लाटेची वाट बघत.
चार टोकं बाहेर आलेली, मध्ये लांबट काळी सावली.
मला कासव वाटलं.
शुद्धीत होते, पोट भरलेलं होतं,
त्या पोराचं नाव मला माहीत होतं,
तरी कासवच.

परवा ठकूताईचा फोन: "येताना मुशी आण,
पोरगी बाळंत झालीय, दुधाला चांगली म्हणतात."
बाजारात बर्फावर होती, वीतभर,
नुसती पोरं.
डोळे उघडे, कातडीवर हात उलटा फिरवला तर
पॉलिशपेपरसारखं खरखरलं.
कोळीण म्हणाली, कापून देऊ का?
मी हो म्हणाले.
समुद्रात ज्यांना वाट देते
त्यांची किलोभर घेऊन
चांदोरीच्या एसटीत बसले, पिशवी पायांत.

रात्री दीडला थ्री फेजची लाईट आली.
ताई उठली. मीही.
तिनं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावली, हातात काठी,
बॅटरी माझ्याकडे.
दोन्ही बाजूंना ऊस.
वाटेत समजावत होती,
धुणं कुठं वाळत घालायचं हे सांगावं त्या आवाजात:
"बोलत चालायचं. पळायचं नाही.
आणि वाकायचं नाही बघ.
वाकलेला माणूस त्याला माणूस दिसत नाही,
शेळी दिसते."

मी थांबले.
"काय झालं?"
काही नाही, म्हटलं, कासव.
तिला वाटलं मला झोप अनावर झालीय.

बांधाच्या वळणावर, उसात, गुडघ्याच्या उंचीवर
दोन हिरवट ठिपके.
माझा डावा तळहात आपोआप उभा राहिला,
थांबा,
जसा पर्यटकांसाठी उभा राहतो.
कुणासाठी होता कोण जाणे. तिघांनीही ऐकलं.
गाणं तेवढं चालू राहिलं, हळदीचं कुठलंसं, निर्लज्ज.
मी श्वास सोडत राहिले.
ठिपके एकदा मिटले, उघडले,
मग पाचटाचा आवाज, दूर, आणखी दूर.

ताई म्हणाली, "गेला. त्याचंही घर हेच आहे,
इथंच उसात जन्मलाय, जंगल बघितलंय कुठं त्यानं."
आणि फावडं उचललं.

आता बारं मोडायचं होतं.
बारं मोडायला वाकावंच लागतं.
त्याला इलाज नाही.
म्हणून ती वाकली आणि मी उभी राहिले तिच्या पाठीशी,
उंच, जमेल तेवढी उंच,
बॅटरी उसावर फिरवत.
पाणी सरीत वळलं, चपलांखालून गार गेलं.

माझ्या बोटांना अजून मुशीचा वास येत होता.
त्यालाही आला असेल.